जोडीदार

गेल्या मे महिन्यातील एका भर दुपारी आमच्या धर्मग्रामातील एक माउली उशीच्या अभ्र्यात काहीतरी गुंडाळून धर्मगुरुनिवासाच्या दारात उभी राहिली. पाठोपाठ दोन मुले. धाकटा तिचा स्वतःचा, सातवीतला. थोरला दिराचा, मुंबईहून सुटीसाठी आलेला. धाकट्याचा ओठ फुटलेला होता आणि थोरल्याच्या गालावर पाच नखांची स्पष्ट खूण होती. अभ्र्यातून निघाले ते निन्टेन्डोचे खेळण्याचे यंत्र. मुलाच्या वडिलांनी ते आखातातून पाठविलेले. "फादर, हे तुमच्याजवळ ठेवा, नाहीतर मी ते विहिरीत टाकीन," असे म्हणून ती माउली निघूनही गेली. मुले मात्र तेथेच उभी. यंत्राला सोडून त्यांना जाववेना.

वाचकहो, अशा प्रसंगी धर्मगुरूने काय करावे हे सेमिनरीत शिकवीत नाहीत. यंत्र कपाटात ठेवून आम्ही किल्ली खिशात घातली असती तर प्रकरण तेथेच संपले असते. परंतु फुटलेल्या ओठाचे कारण जाणून घेतल्यावाचून निकाल देणे आम्हांस बरे वाटेना. आम्ही दोघांना बाकावर बसविले आणि विचारले, "भांडण कशावरून?"

धाकटा बराच वेळ गप्प राहिला. मग खाली मान घालून म्हणाला, "फादर, भूकंप केलंय, तो आपल्याच माणसाक लागता."

ह्या एका वाक्याचा उलगडा होण्यास आम्हांला तीन दुपारी लागल्या. रोज चार वाजता मुलांनी यावे, यंत्र आमच्या टेबलावरच राहावे आणि खेळताना त्यांनी आम्हांस समजावून सांगावे, असा करार झाला. खेळ होता पोकेमॉन. हे नाव आम्ही ऐकून होतो. २००३ पासून ही चित्रमालिका कार्टून नेटवर्कवर आपल्या देशातील मुलांनी पाहिली आहे. 'पॉकेट मॉन्स्टर' म्हणजे खिशातील राक्षस. ह्या नावामुळे एका वयोवृद्ध मावशींनी फादरांच्या टेबलावर सैतान बसविल्याची कुजबुजही केली. वस्तुतः ह्या खेळाचे जनक सातोशी ताजिरी लहानपणी किडे पकडून जमविण्याचा छंद असलेले गृहस्थ आहेत, आणि १९९६ साली जपानात निघालेला पहिला खेळ त्याच छंदातून सुचला. आपल्याकडे पावसाळ्यात मुले सोनकिडा काडेपेटीत ठेवतात. त्यात सैतान शोधणारे आम्हांला अद्याप भेटलेले नाहीत.

असो. ह्या खेळात एकास एक अशी लढत असते, तशी दोघांस दोन अशीही असते. २००२ साली निघालेल्या भागांपासून ही जोडीची लढत आली आणि आज जागतिक अजिंक्यपदाचे सामने ह्याच प्रकाराने खेळतात. प्रत्येकाने सहा प्राणी आणावयाचे, प्रतिस्पर्ध्याचे सहा पाहून त्यांतील चार निवडावयाचे आणि पहिले दोन एकदम मैदानात उतरवावयाचे. दोन्ही बाजूंनी आपापल्या जोडीला गुपचूप आज्ञा द्यावयाच्या. मग जो चपळ त्याची आज्ञा आधी पार पडते. प्राण्यांच्या जाती अठरा. पाणी आगीला भारी, आग गवताला भारी, गवत पाण्याला भारी; आणि काही प्राणी एकाच वेळी दोन जातींचे. अठरा जातींचा हा कोष्टकवजा पसारा धाकट्याला तोंडपाठ होता. धर्मशिक्षणाच्या वर्गात त्याला दहा आज्ञा ओळीने येत नाहीत, हे येथे नमूद केले पाहिजे.

त्याची जोडी होती गार्चॉम्प आणि टायरॅनिटार. दोघेही ह्या खेळातील अत्यंत बलाढ्य प्राण्यांत मोडतात. पहिला जमीन आणि ड्रॅगन ह्या जातींचा, दुसरा खडक आणि अंधार ह्या जातींचा. सातवीतल्या मुलाने दोन सर्वांत बलवान प्राणी शेजारी-शेजारी उभे करावेत यात नवल नाही; आम्हीही तेच केले असते. गार्चॉम्पपाशी भूकंपाचे अस्त्र असते. एकास एक लढतीत ते उत्तम. जोडीच्या लढतीत मात्र जमीन सर्वांच्याच पायांखाली हलते. समोरच्या दोघांना मार बसतो, तसा शेजारी उभ्या असलेल्या आपल्या जोडीदारालाही बसतो. आणि जोडीदार खडकाच्या जातीचा असल्यामुळे त्याला तो दुप्पट बसतो. म्हणजे शत्रूने हात उचलण्यापूर्वीच टायरॅनिटार स्वकीयाच्या मारानेच खचला. त्यातून थोरल्याकडे होती गार्डेव्हॉर नावाची परीच्या जातीची एक प्राणी. परीच्या जातीचा मार ड्रॅगनलाही दुप्पट लागतो आणि अंधारालाही. तिने समोरच्या दोघांवर एकदम पडणारी चमक सोडली. दोन फेऱ्यांत दोन्ही बलाढ्य आडवे. थोरला हसला. "तुझ्या लोकांना मारायला मी कशाला पाहिजे?" असे काहीसे म्हणाला. त्यावर नखे, आणि त्यावर ओठ.

जोडीतील दोघांचे मर्मस्थान एकच असेल तर शत्रूला एकच बाण पुरतो, हे धाकट्याला तेव्हा समजले नाही. ते आम्हांला तरी कोठे समजले होते? काही वर्षांपूर्वी, अन्य एका धर्मग्रामात असताना, सणाच्या तयारीसाठी आम्ही दोन अत्यंत कर्तबगार गृहस्थांची जोडी नेमली होती. दोघेही झपाट्याने काम करणारे, दोघेही शब्दाचे पक्के, आणि दोघांनाही टीका सहन होत नसे. हिशेबाच्या सभेत मंडपाच्या खर्चावर कोणीतरी एकच तिरकस वाक्य टाकले. दोघेही एकाच वेळी उठून गेले. सण आम्ही आणि आमच्या स्वयंपाक्याने पार पाडला. त्यांपैकी एक गृहस्थ पुढे आमच्याशी बोलू लागले. दुसरे आमची बदली होईपर्यंत शेवटच्या बाकावर बसत आणि मिस्सा संपताच निघून जात. मत्तयाच्या शुभवर्तमानात बारा प्रेषितांची नावे जोडीजोडीने दिली आहेत. जकातदार मत्तय थोमाबरोबर येतो. ती यादी आम्ही शेकडो वेळा वाचली होती. ह्याच्या शेजारी तोच का, हा प्रश्न मात्र त्या सभेच्या रात्री प्रथम पडला.

परंतु भूकंपाच्या गोष्टीने आमच्या मनात जे हलले ते ह्याहून जुने होते.

आमच्या वडिलांचे जोत गावठी बैलांचे होते. आपल्या कोकणातील हे जनावर अंगाने लहान, खुराने काटक. अलीकडे 'कोकण कपिला' ह्या नावाने त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंदही झाली आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात पावसाळ्यात नांगरणीच्या स्पर्धा होतात, तेथे गावठी जोड्यांचा गट वेगळा आणि घाटी जोड्यांचा वेगळा ठेवतात, तो उगाच नव्हे. आमच्या जोतातला एक बैल ढवळ्या, दुसरा पवळ्या. आम्ही अकरा वर्षांचे असताना ऐन मिरगाच्या तोंडावर पवळ्या साप चावून मेला. वडिलांनी कर्ज काढून घाटावरचा एक बैल आणला. उंच, देखणा, रुंद खांद्याचा. सारा वाडा पाहावयास आला. आम्ही तर त्याच्या शिंगांना तेल लावून शाळेतील मित्रांना बोलावून दाखविला.

पहिल्याच दिवशी जू तिरके बसले. घाटी बैल उंच आणि ओढीचा. तो पुढे धावे, आणि जुवाचे लाकूड ढवळ्याच्या मानेवर काचत जाई. कुणग्यातल्या चिखलात त्या जड जनावराचे पाय रुतत, तेव्हा तो बिथरून हिसडा देई, आणि तो हिसडाही ढवळ्यालाच बसे. नव्या बैलाची काहीच चूक नव्हती. तो आपल्या सर्व बळानिशी ओढीत होता. चौथ्या दिवशी ढवळ्याचा खांदा सुजला, आठव्या दिवशी फुटला. आई हळद-तेल लावी आणि ढवळ्या दावणीला उभा राहून कातडी थरथरवी. त्याला पाणी पाजण्याचे काम आमच्याकडे होते. तो आमच्याकडे पाहीत असे, आणि आम्हांला ज्याचा अभिमान वाटला होता तो बैल शेजारच्याच खुंटाला रवंथ करीत असे.

त्या वर्षी अर्धी लावणी राहून गेली. घाटी बैल तोट्यात विकला. ते कर्ज फेडण्यास वडिलांना तीन वर्षे लागली. पुढच्या हंगामात त्यांनी शेजाऱ्याचा एक म्हातारा बैल अर्धलीने घेतला. त्याचा डावा डोळा गेलेला होता. लोक हसले. वडील काही बोलले नाहीत. ढवळ्याला डावीकडे चालण्याची सवय होती. त्याला डावीकडेच ठेवून त्यांनी हा काणा बैल उजवीकडे जुंपला. ज्या बाजूचे त्याला दिसत नसे त्या बाजूला ढवळ्या असे. दोघे उंचीने सारखे, चालीने संथ. बांधाला बांध लागून ते जोत पाच पावसाळे चालले.

ही हकीगत आम्ही मुलांना तिसऱ्या दुपारी सांगितली. सांगताना आम्हांस वाटले की ती त्यांना कंटाळवाणी होईल. थोरला खिडकीबाहेर पाहत होता. धाकट्याने मात्र एकच प्रश्न विचारला, "फादर, ढवळ्याच्या मानेवर केस परत इले?" आम्ही म्हटले, आले, पण पांढऱ्यावर पांढरे असूनही ती जागा कळत असे.

त्यानंतर तो जोडी शोधू लागला. ह्या खेळात जोड्या जमविण्याच्या अनेक युक्त्या आहेत. पेलिपर नावाचा पाणपक्षी मैदानात येताच पाच फेऱ्या पाऊस पडतो, आणि पावसात ज्यांची चपळाई दुप्पट होते असे मासे त्याच्या शेजारी ठेवतात. मालवणात ही जोडी समजावून सांगावी लागत नाही. कोणी अशी उलटी खोली उभारतो की पाच फेऱ्या जो मंद तोच आधी चालतो. मग त्याच्या शेजारी मुद्दाम सुस्त आणि जबर प्राणी ठेवावयाचा. थोरल्याने एक जुनी गोष्ट सांगितली, ती आम्हांला फार आवडली. २०१४ साली वॉशिंग्टन येथे जागतिक अजिंक्यपद दक्षिण कोरियाच्या से जुन पार्क ह्याने जिंकले. त्याच्या संघात गायराडोस हा प्रचंड जलसर्प होता, आणि त्याच्या जोडीला पाचिरिसु ही विजेच्या जातीची चिमुकली खार. तिला कोणी गंभीरपणे घेत नसत. पण गायराडोसच्या जातीला विजेचा मार चौपट लागतो, आणि ही खार 'माझ्याकडे या' अशी हाक देऊन समोरच्याचे वार स्वतःकडे ओढून घेते. शिवाय विजेचा वार तिला लागत नाही. उलट त्याने तिची प्रकृती सुधारते. तिने मार खायचा, सर्पाने लढायचे. थोरला हे सांगत होता तेव्हा त्याच्या आवाजातील टिंगल पार गेली होती, हे आमच्या लक्षात आले.

धाकट्याने गार्चॉम्प सोडला नाही. त्याच्यावर त्याचा जीव होता. दोन दिवस वहीत आकडे मांडून त्याने त्याच्या शेजारी आणला कॉर्विनाइट, म्हणजे लोखंडी पिसांचा एक काळाकभिन्न डोंबकावळा. हा उडणारा, म्हणून भूकंप त्याला लागत नाही. लोखंडी, म्हणून परीची चमक त्याला निम्मीच लागते. त्याला भय आगीचे आणि विजेचे. तर गार्चॉम्पला वीज मुळीच लागत नाही, आग निम्मी लागते, आणि आगीच्या व विजेच्या दोन्ही जाती भूकंपाने कोसळतात. शिवाय हा कावळा पाठीमागून वारा सोडतो, त्याने आपल्या दोघांचीही चपळाई चार फेऱ्या दुप्पट होते. वहीतले ते पान आम्ही दोनदा तपासले. एकाही घरात दोघांची भीती सारखी नव्हती.

थोरला मुंबईस निघण्याच्या आदल्या संध्याकाळी पाच डाव झाले. माउलीही आली होती, दारात उभी राहून पाहत होती. पहिल्या डावात थोरल्याने कावळा पाहून विजेचा प्राणी उतरविला. धाकट्याने आधी वारा सोडला आणि मग, आमच्याकडे एकदा पाहून, भूकंप. समोरचे दोघे कोसळले. कावळा जागच्या जागी पंख हलवीत राहिला. उरलेल्या चार डावांपैकी तीन धाकटा हरला, पण ओठ कोणाचाच फुटला नाही. थोरल्याने वहीतले ते पान उतरवून घेतले.

यंत्र परत अभ्र्यात जाण्यापूर्वी धाकट्याने आम्हांस पडद्यावर काहीतरी दाखविले. ह्या खेळात आपल्या प्राण्याला आपण नाव देऊ शकतो. त्या काळ्या कावळ्याच्या डोक्यावर रोमन अक्षरांत नाव होते, ढवळ्या.

"फादर," तो म्हणाला, "ह्या ढवळ्याक लागणा नाय."