दारातला रस्ता



परवा भाचीचा फोन आला. "मामा, आपला ओटा आहे ना हो अजून?" फोनवर काय सांगणार... म्हणून इथे लिहितो.

आमचं गाव गुहागर-विजापूर रस्त्यावर, पाटण आणि कऱ्हाडच्या मधे. समुद्रापासून निघून चिपळूण, कुंभार्ली घाट, कोयनानगर, पाटण करत हा रस्ता कऱ्हाडात उतरतो आणि पुढे विटा, जतकडे जातो. पाचवीला भूगोल शिकवताना मी मुलांना शाळेच्या फाटकात उभं करायचो. घाटाकडून सुकी मासळी, कऱ्हाडकडून गूळ. वास घ्या आणि दिशा सांगा! मुलं कधी चुकली नाहीत.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. घरात जायची कुणाची छाती होईना. दोन रात्री सगळी आळी याच रस्त्यावर गोधड्या टाकून निजली होती. अंगावर भिंत पडणार नाही अशी तेवढीच एक जागा. माझ्या शेजारच्या गोधडीत समोरचा आबा होता. पुढे तो शिंपी झाला, मी मास्तर. त्यानंतर रोज संध्याकाळी दुकान बंद करून आबा रस्ता ओलांडायचा आणि आमच्या ओट्यावर येऊन बसायचा.

मग राज्यमार्गाचा राष्ट्रीय महामार्ग झाला, १६६-ई. मैलाच्या दगडाचं हिरवं डोकं पिवळं झालं. मोजणीत ओटा रस्त्याच्या हद्दीत निघाला. आजोबांनीच चार फूट पुढे बांधला होता, त्यामुळे तक्रार कुठल्या तोंडाने करणार? शिवाय गेल्या वर्षी हिच्या छातीत दुखलं तेव्हा वीस मिनिटांत कऱ्हाडला पोचलो. जुन्या रस्त्याने पोचलो असतो की नाही, देव जाणे. असो.

पण मधे दुभाजक आला. आबाचा एक डोळा मोतीबिंदूचा. मागे एकदा तो यायला निघाला आणि दुभाजकावरच अडकला. इकडून डंपर, तिकडून डंपर. मी दारातून नुसता हातवारे करतोय! शेवटी एका पोराने हात धरून त्याला परत घरी नेलं. सुनेने तेव्हापासून बंदीच घातली.

आता सहा वाजले की तो त्याच्या दारात बसतो, मी माझ्या, आणि मोबाईलवर बोलतो. समोर दिसतो, पण आवाज कानातून येतो. ट्रक आला की दोघंही थांबतो. ट्रक गेला की, "काय म्हणालास?"

उद्या बाजार. गर्दीमुळे गाड्या हळू असतात. सुनेकडून परवानगी मी काढली आहे. चार वाजता मी दुभाजकापर्यंत जाणार, तो तिकडून येणार. ओटा नाही, पण हिने दारात दोन खुर्च्या आतापासूनच मांडून ठेवल्यात.