ओळखीचे शब्द

मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी किती जणांनी इंग्रजी शब्द पाठ करायची वही घातली आहे? हात वर करा पाहू! मीही एकदा घातली होती, चांगली दोनशे पानी. त्या वहीनेच माझी फजिती केली. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगतो.

मी वसमतचा. आमचं गाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं. हिंगोली जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. शाळा मराठी माध्यमाची. तेव्हा इंग्रजी पाचवीपासून शिकवत. राज्यात ते पहिलीपासून सुरू झालं २००० साली. त्यामुळे इंग्रजी म्हटलं की आमच्या पोटात गोळाच यायचा.

बारावीनंतर मी एका स्पर्धा परीक्षेचा फॉर्म भरला. गल्लीतला एक दादा म्हणाला, "व्होकॅब्युलरी पक्की कर." झालं! जाडजूड गाइड आणलं आणि रोज चाळीस शब्दांचा रतीब सुरू केला. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याचा एकच मराठी अर्थ. अंगणात येरझाऱ्या घालत मी पाठ करायचो.

परीक्षेत एक वाक्य आलं. एका देशावर इतर देशांनी 'सँक्शन्स' लादले, अशा अर्थाचं. 'सँक्शन्स'चा जवळचा अर्थ निवडायचा होता. मी मनातल्या मनात हसलो. अण्णांचं पीककर्ज 'सँक्शन' झालं की घरात आनंदीआनंद व्हायचा. वहीतही तेच होतं : सँक्शन म्हणजे मंजुरी. पुढचं न वाचताच खूण केली.

बाहेर आल्यावर कळलं, उत्तर होतं 'निर्बंध'. हा शब्द मोठा चमत्कारिक, बरं का! मंजुरी हाही त्याचा अर्थ आणि निर्बंध हाही. पण मंजुरी कधी कुणी लादतं का? वाक्य मला ओरडून सांगत होतं, मी ऐकलंच नाही. त्या वर्षी दोन गुणांनी माझं नाव यादीतून राहिलं.

तोंड पाडून बसलो होतो. अण्णा रागावले नाहीत. अंगणातल्या हळदीकडे बोट दाखवून म्हणाले, "ओली हळद कधी बाजारात नेलीय का आपण? शिजवावी लागते, वाळवावी लागते, घासावी लागते. तू तर शब्द ओलेच नेलास की रे!"

अण्णांचं शिक्षण सातवीपर्यंत. पण त्या वाक्याने मला रस्ता दाखवला.

शिजवणं म्हणजे शब्दाच्या आत शिरणं. शब्दांनाही आपल्यासारखी भावकी असते. 'मलेरिया' तुम्हाला माहीत आहे. तो इटालियन भाषेतून आला, मूळ अर्थ 'वाईट हवा'. त्यातलं 'मॅल' म्हणजे वाईट. आता 'मॅलेव्होलंट' हा अवघड शब्द पाहा. त्यातल्या 'व्होल'चा अर्थ इच्छा. 'व्हॉलंटिअर' म्हणजे आपल्या इच्छेने काम करणारा, नाही का? मग मॅलेव्होलंट म्हणजे वाईट इच्छिणारा. आणि 'बेने' म्हणजे चांगलं, म्हणून बेनेव्होलंट म्हणजे भलं चिंतणारा. एका मलेरियावरून किती जणांची ओळख झाली!

आणखी एक गंमत. क्रेडिट सोसायटीतलं 'क्रेडिट' लॅटिन भाषेतल्या 'विश्वास ठेवणे' या अर्थाच्या शब्दापासून आलं. 'क्रेड्युलस' म्हणजे कशावरही चटकन विश्वास ठेवणारा, भोळा. भाषेचे अभ्यासक सांगतात की आपली 'श्रद्धा' याच कुळातली! संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मूळ भाषेच्या लेकी असाव्यात, असं सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कोलकात्यात मांडलं होतं. आणि 'शुगर'? ती तर आपल्या 'शर्करे'वरूनच फारसी, अरबी अशी गावं करत इंग्रजीत पोचली. मग इंग्रजी शब्दांना भ्यायचं कशाला? त्यातले कितीतरी आपले दूरचे नातेवाईकच आहेत.

वाळवणं म्हणजे वेळ देणं. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरजोड्या स्वतः पाठ करून पाहिल्या आणि १८८५ साली निष्कर्ष छापले. पाठ केलेलं सर्वांत झपाट्याने विसरतं ते सुरुवातीलाच. उजळणी दिवसांच्या अंतराने केली, तर मात्र ते टिकतं. मी रोजचे चाळीस शब्द सोडून आठच घेतले, पण ते दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा पाहिले.

आणि घासणं म्हणजे वापरणं. नव्या वहीत प्रत्येक शब्दापुढे मी स्वतःचं एक वाक्य लिहू लागलो. वाक्ये चुकायची, मित्र हसायचे. पण ज्या शब्दावर हसू झालं, तो जन्मात विसरलो नाही!

परीक्षा घेणाऱ्यांनाही हे पटलेलं दिसतं. अमेरिकेत शिकायला जाणारे जी. आर. ई. देतात. तिच्यात सुट्या शब्दांचे विरुद्धार्थी शब्द विचारत, ते २०११ साली बंद झालं. आता शब्द वाक्यातच येतो. आपल्या एन. डी. ए.च्या लेखी परीक्षेतही सामान्य क्षमतेच्या ६०० गुणांपैकी २०० इंग्रजीचे असतात. म्हणजे तयारी हवीच, पण ती शिजवलेली!

पुढच्या वर्षी माझं नाव यादीत आलं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पोटातला तो गोळा गेला. आईबाबांनो, मुलांना "किती शब्द पाठ झाले?" असं विचारू नका. "आज कोणत्या शब्दाशी ओळख झाली?" असं विचारा. आणि मित्रांनो, तुम्ही आजच एक काम करा. घरात, दुकानात, एसटीत कानावर पडणारे पाच इंग्रजी शब्द लिहून काढा आणि शब्दकोशात त्यांची भावकी शोधा. एखाद्याचे दोन अर्थ निघाले, तर दोन्ही लिहा हं. माझ्यासारखी फजिती नको!