सहा रेघा आणि एक फळी

मुलांनो, तुम्ही कधी नगरला आलात तर लोक तुम्हांला आधी भुईकोट किल्ल्याकडे नेतील. तिथे पंडित नेहरू १९४२ पासून १९४५ पर्यंत कैदेत होते, आणि त्यांचा ‘भारताचा शोध’ तिथेच लिहून झाला. किल्ला जरूर पाहा. पण आज मी तुम्हांला दुसऱ्याच दोन ठिकाणी नेणार आहे. एक शहराच्या दक्षिणेला, दुसरं पूर्वेला डोंगरापलीकडे. दोन्ही ठिकाणी मी गिटार ऐकली. ज्वारी-बाजरीच्या नगर जिल्ह्यात गिटार कुठून आली, असं म्हणाल. तेच तर सांगतो! (२०२४ साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, हे मला ठाऊक आहे. पण आमच्या तोंडून अजून ‘नगर’च निघतं.)

मी डी.एड. करत होतो तेव्हाची गोष्ट. रविवारी आम्ही दोघं-तिघं सायकली काढून दौंड रस्त्याने निघायचो. आठ-नऊ किलोमीटरवर अरणगाव लागतं. जवळूनच दौंड-मनमाड रेल्वे जाते. तिथल्या टेकडीवर मेहेरबाबांची समाधी आहे. त्या परिसराला मेहेराबाद म्हणतात. मेहेरबाबा मूळचे पुण्याचे. १० जुलै १९२५ला त्यांनी मौन धरलं, ते ३१ जानेवारी १९६९ला देह ठेवला तोवर मोडलं नाही. मग माणसांशी बोलायचे कसे? बरीच वर्षं त्यांच्याजवळ इंग्रजी अक्षरांची एक फळी असे. ते भराभर एकेका अक्षरावर बोट ठेवत आणि शेजारचा माणूस मोठ्याने वाचत जाई. १९५४ साली त्यांनी तीही सोडली आणि नुसत्या खुणांवर काम चालवलं.

ही फळी लक्षात ठेवा. पुढे आणखी एक फळी येणार आहे.

समाधीला देशोदेशीचे लोक येतात. ‘द हू’ नावाच्या इंग्लंडच्या वाद्यवृंदाचा गिटारवादक पीट टाउनशेंड हाही मेहेरबाबांना मानणारा. त्याच्या १९७१च्या एका गाजलेल्या गाण्याचं नावच ‘बाबा ओ’रायली’ आहे. त्यातले बाबा म्हणजे आपले अरणगावचे मेहेरबाबा, आणि रायली म्हणजे टेरी रायली हा अमेरिकन संगीतकार. मला तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. एका संध्याकाळी आरती झाल्यावर एक परदेशी पाहुणा गिटार घेऊन बसला आणि हलक्या हाताने वाजवू लागला. मी तोंड उघडं ठेवून ऐकत राहिलो. त्याने ते पाहिलं असावं. उठताना त्याने आपल्या पिशवीतून एक कागद काढून मला दिला. त्यावर सहा आडव्या रेघा होत्या आणि रेघांवर आकडे : ०, २, ३, ० असे काहीबाही. मला वाटलं, गणित आहे!

तो कागद म्हणजे गिटारची ‘टॅब’. टॅब म्हणजे तुमच्या हातातला पाटीएवढा संगणक नव्हे बरं. हे ‘टॅब्लेचर’ या शब्दाचं लाडकं नाव. सहा रेघा म्हणजे गिटारच्या सहा तारा. आकडा म्हणजे कितव्या पडद्यावर बोट दाबायचं ते. शून्य म्हणजे मोकळी तार. बस्स, एवढंच! फक्त एक गोम आहे. सगळ्यांत वरची रेघ ही सगळ्यांत बारीक तार. गिटार हातात धरली की ही तार खाली, जमिनीच्या बाजूला असते, म्हणून सुरुवातीला सगळं उलटंच वाटतं. मी पहिला महिनाभर उलटंच वाजवत होतो.

आता तुम्ही पेटीवर सा रे ग म शिकला असाल तर हे करून बघा. सा ते वरच्या सा पर्यंत पेटीत बारा पायऱ्या असतात. गिटारचा एक पडदा म्हणजे त्यातली एक पायरी. मोकळ्या तारेला सा मानलं तर त्याच तारेवर आकडे असे येतात : ०, २, ४, ५, ७, ९, ११, १२. झालं सा रे ग म प ध नी सा! मधले वगळलेले आकडे म्हणजे कोमल स्वर आणि तीव्र मध्यम. बारावा पडदा तारेच्या बरोब्बर मध्यावर असतो. पट्टी घेऊन मोजा, पटेल.

पंडित भातखंड्यांच्या लिपीत स्वराचं नाव लिहितात. टॅबमध्ये स्वराचं नाव नसतंच. बोटाची जागा लिहितात. म्हणून ज्याला स्वर ओळखता येत नाहीत तोही पहिल्या दिवशी काहीतरी वाजवू शकतो. कुणी म्हणेल हा आळशी रस्ता आहे. माझंही मत थोडं तसंच होतं. ही युक्ती मात्र चांगली जुनी आहे. १५३६ साली स्पेनच्या लुईस मिलान याने विहुएला या गिटारच्या पूर्वज वाद्यासाठी असंच पुस्तक छापलं होतं. आणि दुर्बिणीवाला गॅलिलिओ तुम्हांला माहीत आहे ना? त्याचे वडील व्हिन्चेन्झो हे ल्यूट वाजवणारे. १५६८ साली त्यांनी अशा आकडे-रेघांच्या लिपीवर एक ग्रंथच लिहिला. ते जुने लोक रेघांच्या वर छोट्या खुणा करून कोणता सूर किती वेळ धरायचा तेही दाखवत. ही गोष्ट मी कुठेतरी वाचली आणि विसरून गेलो. ती मला पुन्हा आठवली ती एका सातवीतल्या मुलामुळे.

चला तर दुसऱ्या ठिकाणी. नगरहून पाथर्डीची एसटी पकडा. मेहेकरी मागे पडते, मग करंजीचा घाट. घाट ओलांडला की तिसगाव, आणि बाजूला गर्भगिरीचे उघडे डोंगर. जवळच मढीला कानिफनाथांची समाधी आहे. तिथल्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो, तो एकदा बघाच. याच भागातल्या एका वाडीवर माझी शाळा आहे. नाव सांगत नाही, कारण ज्याची गोष्ट सांगतोय तो मुलगा भारी लाजाळू आहे.

पाऊस इथे बेताचा. दिवाळी झाली की गाव निम्मं रिकामं होतं. माणसं ऊसतोडीला जातात, ती होळीनंतर, कधी पाडवा उलटल्यावर परततात. मुलांना मागे ठेवता यावं म्हणून गावोगावी हंगामी वसतिगृहं निघाली, काही मुलं आजीपाशी राहतात. पण ज्याच्या घरी आजी नाही आणि कडेवर धाकटी बहीण आहे, त्याला जावंच लागतं.

शाळेत लोकवर्गणीतून आलेला एक संगणक आहे. त्यात मी ‘टक्सगिटार’ नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घातलं. (‘गिटार प्रो’ नावाचं विकतचंही मिळतं, ते फ्रान्समधलं.) पडद्यावर सहा रेघा येतात. बाणाच्या कळांनी हव्या त्या तारेवर जायचं, आकडा दाबायचा, तो रेघेवर जाऊन बसतो. सूर लांब की आखूड ते निवडायचं. मग संगणक ते सगळं वाजवून दाखवतो. आवाज म्हणाल तर डब्यावर तार ताणल्यासारखा, पण सूर पक्का. अवघड तुकडा निम्म्या वेगाने वाजवता येतो, पुन्हापुन्हा वाजवता येतो, आणि तो कधी कंटाळत नाही. माझ्यासारखं ‘आता पुरे, घंटा झाली’ असं म्हणत नाही.

तो सातवीतला मुलगा मधल्या सुट्टीत तिथेच असायचा. वीज असली की संगणकावर, नसली की माझ्या जुन्या गिटारवर. दिवाळीच्या आधी त्याने विचारलं, “गुरुजी, गिटार नेऊ का फडावर?” मी नाही म्हणालो. कोपीत पाचट, धूर, रात्रीचं दव. चार दिवसांत तिची खापरं झाली असती. खरं कारण वेगळं होतं. गिटार परत येईल की नाही याची मला खात्री नव्हती. आणि खरं सांगू का, तो परत शाळेत येईल याचीसुद्धा नव्हती.

त्याने हट्ट केला नाही. दोन टॅब छापून मागितल्या आणि गेला.

पाडव्यानंतर एका सकाळी तो वर्गाच्या दारात उभा! उंच झालेला, काळवंडलेला. हातात वही आणि एक लाकडाची पट्टी. पट्टीवर त्याने खिळ्याने ओरखडून सहा उभ्या रेघा काढल्या होत्या, आणि आडवे पडदे, अगदी माझ्या गिटारवर मोजल्यासारखे. बहीण झोपली की हा मुलगा त्या मुक्या पट्टीवर बोटं ठेवत बसायचा. कुठे दाबायचं ते टॅब सांगत होती. आवाज तो मनात आणत होता. आणि वहीत, त्याच सहा रेघा मारून, त्याने स्वतःची एक चाल लिहिली होती. पाच महिने लिहीत होता, पण एकदाही कानाने ऐकली नव्हती.

“काय आहे हे?”

“रातच्याला गाड्या कारखान्यावर जात्यात ना गुरुजी, तवा आमच्या पांढऱ्याच्या घुंगरमाळेचा आवाज येतो. तो हाय.”

आम्ही संगणकासमोर बसलो. तो आकडे सांगत गेला, मी भरत गेलो. वर्ग भोवती गोळा झाला. मी कळ दाबली.

वाजलं ते भलतंच. सगळे सूर एका लांबीचे, सैनिकांच्या कवायतीसारखे. पोरं हसली. त्याचा चेहरा उतरला. “असं नाय,” एवढंच म्हणाला.

चूक त्याची नव्हती. माझी होती. मी त्याला आकडे शिकवले, वेळ लिहायला शिकवलंच नाही. नुसती टॅब बोट कुठे ठेवायचं ते सांगते. किती वेळ ठेवायचं ते सांगत नाही. गॅलिलिओच्या वडिलांच्या काळचे लोक रेघांवर खुणा का करत, ते मला तेव्हा आठवलं.

“मग कसं? बाकावर वाजवून दाखव.”

त्याने बोटांनी बाक वाजवला. मी चार मात्रा मोजत होतो, काही केल्या जमेना. मागच्या बाकावरची एक मुलगी भजनी मंडळात टाळ वाजवते, ती म्हणाली, “गुरुजी, दादरा हाय तो!” खरंच की! सहा मात्रा. सॉफ्टवेअर आपणहून चार मात्रांचं माप धरतं, ते बदलून सहाचं केलं. मग एकेक सूर घेऊन, हा लांब, हा आखूड, असं करत दुपार गेली. एका ठिकाणी पाच मात्राच भरत होत्या. मी एक वाढवायला निघालो, तर तो म्हणाला, “तिथं पांढरा थांबतो. चढ हाय.” मग तिथे एका मात्रेचं मौन ठेवलं. सॉफ्टवेअरमध्ये त्यालाही खूण आहे.

पुन्हा कळ दाबली. या वेळी कुणी हसलं नाही. संगणकाचा आवाज डब्यासारखाच होता, पण बैल चालत होता.

मग मी गिटार त्याच्या हातात दिली. बोटं बरोबर जागी पडली, न बघता. पण दोन मिनिटांत त्याने हात झटकला. वाढं गोळा करून तळहाताला घट्टे पडले होते. डाव्या बोटांची टोकं मात्र मऊच राहिली होती. तार दाबायची सवय लाकडाची पट्टी कशी लावणार? आठवडाभर दुखली, मग बसली.

फाइलीला नाव द्यायचं होतं. त्याने ‘पांढरा’ एवढंच लिहिलं. ती फाइल मी तीन ठिकाणी ठेवली आहे, शिवाय कागदावर छापून शाळेच्या कपाटातही.

आता तो आठवीत आहे. बहीण पहिलीत आली, म्हणून यंदा दोघांनाही हंगामी वसतिगृहात ठेवा असं मी त्याच्या आईवडिलांच्या मागे लागलो आहे. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. पट्टी त्याने माझ्याकडून परत मागून घेतली. त्या चालीचा दुसरा भाग वहीत चालू आहे. या वेळी आकड्यांच्या वर बारीक खुणा आहेत.