साकीनाक्याला मिळालेला उजेड

मेट्रोच्या अंधेरी स्थानकावर सामान तपासणाऱ्या यंत्रातून माझी पिशवी बाहेर आली आणि पडद्यासमोर बसलेल्या जवानाने मला हाताने बाजूला बोलावलं. "ये क्या है? सिलाई मशीन?" मी चेन उघडून दाखवली. राखाडी रंगाचं, दोन दांडे दुमडलेलं, जपानी बनावटीचं यंत्र. "पिक्चर दिखाने का मशीन है, पुराना." तो वाकून बघत म्हणाला, "चलता है?" मी म्हणालो, "चलता तो है, लेकिन अंधेरा दिखाता है." तो हसला आणि त्याने मला जाऊ दिलं.

हा प्रोजेक्टर आमच्या अब्बांनी कुवेतहून आणलेला. आपल्या कोकणी घरांत त्या काळी आखातातून काय काय यायचं ते वाचकांना सांगायला नको. टेपरेकॉर्डर, घोंगड्या, अत्तर, थर्मास. अब्बांनी १९७७ साली एक कॅमेरा आणि हा प्रोजेक्टर आणला. सुपर ८ जातीची फिल्म. कोडॅक कंपनीने ती १९६५ मध्ये बाजारात आणली होती. एका रिळात पन्नास फूट फिल्म, म्हणजे ३,६०० चित्रं. सेकंदाला अठरा चित्रं या वेगाने ती तीन मिनिटं वीस सेकंदांत संपतात. तेवढ्यात जे मावेल ते मावेल.

अब्बांनी जे टिपलं ते आमच्या घराण्यासाठी मोलाचं ठरलं. त्या वर्षी दादाजी आणि दादीजान हजला निघाले होते. तेव्हा बहुतेक हाजी मुंबईहून जहाजाने जात. मुघल लाइनचं 'अकबर' जहाज, खाली गोदीत नातेवाइकांची दाटी, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यातून आलेल्या ट्रंका, वळकट्या. समुद्रमार्गे हजची ही रीत १९९५ पर्यंत चालली. आजच्या मुलांना आठ-पंधरा दिवस आधी बोरीबंदरला येऊन राहणारे हाजी ठाऊक नाहीत. अब्बांनी धक्क्यावर उभं राहून ते सगळं टिपलं, आणि शेवटी कठड्याशी उभे राहून हात हलवणारे दादाजी. हज अदा झाल्यावर मक्केतच त्यांचं निधन झालं आणि जन्नतुल मुअल्लात दफन झालं. दादीजान एकट्या परतल्या. दादाजींचं शेवटचं दर्शन ते एवढंच.

आमची फुफी त्या दिवशी धक्क्यावर नव्हती. ती चिपळूणकडे गावी बाळंतीण होती, चाळीस दिवस पुरे व्हायचे होते. आज ती ऐंशीच्या पुढे आहे आणि घाटकोपरला मुलाकडे राहते. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झाले, पण डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग झिजला आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की नव्या चष्म्याने फरक पडणार नाही. उजेड भरपूर ठेवा आणि वस्तू जवळ धरा. गेल्या ईदला आम्ही तिच्यासाठी हे रीळ लावलं. चादरीवर चार फूट रुंद चित्र पाडलं. ती डोळे बारीक करून बघत राहिली आणि संपल्यावर म्हणाली, "जहाज दिसलं बाबा. अब्बा कुठे दिसले? नुसती सावली होती."

तिची चूक नव्हती. दादाजी कठड्यावरच्या ताडपत्रीच्या सावलीत उभे होते, चेहरा काळसर आला होता. एका दुकानातून हे रीळ मोबाईलवर उतरवूनही आणलं होतं. त्यात तर चेहऱ्याच्या जागी काळा ठिपका. मग कुणीतरी सांगितलं, की फिल्ममध्ये सावलीतलं बरंच काही दडलेलं असतं, मागून जोरदार उजेड सोडला तर ते वर येतं. म्हणून मी प्रोजेक्टर पिशवीत घालून निघालो होतो.

वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो. २०१४ च्या जूनमध्ये सुरू झाली. सवा अकरा-साडेअकरा किलोमीटरच्या या मार्गावर बारा स्थानकं आहेत. त्याआधी अंधेरी-कुर्ला रस्त्याने बसमधून साकीनाका गाठणं म्हणजे सब्राची परीक्षा असे. आता चकाला, एअरपोर्ट रोड, मरोळ नाका झरझर मागे पडतात आणि खिडकीतून पत्र्यांच्या छपरांचा समुद्र दिसू लागतो. तो साकीनाका. खाली उतरून खैरानी रोडला वळलात की दोन्ही बाजूंना गाळे. कुठे लेथ फिरतेय, कुठे प्लास्टिकचे साचे, कुठे मुलामा, कुठे शिलाई. बिघडलेली वस्तू फेकून देण्याआधी मुंबईकर इथे येऊन एकदा विचारून जातो.

ज्या चाचांकडे मी गेलो त्यांचा गाळा एका पोटमाळ्यावर आहे. तरुणपणी ते शाळांमध्ये आणि वस्त्यांमध्ये सोळा मिलिमीटरच्या फिल्म दाखवायचे, यंत्रं दुरुस्तही करायचे. मी म्हटलं, "चाचा, यात मोठा दिवा बसवा. शंभर वॅटचा आहे, अडीचशेचा घाला." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "आणि फिल्म जळाली तर?"

मग त्यांनी समजावलं. चित्र प्रोजेक्टरच्या छोट्या खिडकीत सेकंदाचा अठरावा भागच थांबतं, म्हणून दिव्याची धग सोसतं. फिल्म अडकली, तर भोक पडायला वेळ लागत नाही. शिवाय ट्रान्सफॉर्मर तेवढा भार पेलणार नाही आणि पंखाही तेवढी उष्णता बाहेर काढणार नाही. "पहले देखो, जो है वो पूरा मिल रहा है क्या."

आणि खरोखर, जे होतं तेच पुरतं मिळत नव्हतं. दिव्यामागचा आरसा धुळीने मंद झालेला. मधल्या भिंगावर तेलकट थर. पुढच्या भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. आपल्या दमट हवेची देणगी. चाचांनी सगळं सोडवून पुसलं. मग दिवा चालू ठेवून त्यांनी होल्डरवर मीटर लावलं. दिवा बारा व्होल्टचा, काटा पावणेअकराच्या जरासा पुढे. होल्डरच्या पत्त्या काळ्या पडल्या होत्या, तारही कडक झालेली. मला वाटलं, एखादा व्होल्ट कमी असला तर काय मोठंसं? चाचा म्हणाले, हॅलोजन दिव्याला दाब दहा टक्के कमी मिळाला तर उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. नवा चिनीमातीचा होल्डर आणि जाड तार घातली, आणि समोरच्या भिंतीवरचा चौकोन डोळ्यांदेखत उजळला. एकही नवा दिवा न घालता.

चहा पिता पिता मी शटरचं विचारलं. प्रोजेक्टरमध्ये फिरणारी तीन पात्यांची चकती असते, एक पातं काढलं तर उजेड वाढतो असं मी ऐकलं होतं. "वाढतो," चाचा म्हणाले, "पण तीन पाती सेकंदाला चोपन्न वेळा उजेड तोडतात, ते डोळ्याला जाणवत नाही. दोन ठेवली तर छत्तीस वेळा. चित्र लुकलुकेल. म्हाताऱ्या डोळ्यांना त्रास का द्यायचा?" पात्यांना हात लावला नाही.

भिंग मात्र बदललं. आमचं भिंग १.६ चं होतं. चोर बाजारात मिळालेल्या एका मेलेल्या यंत्राचं १.३ चं भिंग चाचांकडे पडून होतं. हा आकडा जितका लहान तितकं भिंगाचं तोंड मोठं, आणि हिशेब वर्गाने चालतो, १.६ वरून १.३ म्हणजे उजेड साधारण दीडपट. पण नळी बारीक, बसेना. शेजारच्या गाळ्यातल्या लेथवाल्या पोराने अर्ध्या तासात अॅल्युमिनियमची बांगडी कातून दिली.

अब्दुलअली युसुफअलींची गोष्ट मला इथेच आठवली. १८८४ साली सुरतेत जन्मलेला हा माणूस १९०१ पासून तंबू आणि बायोस्कोप घेऊन ब्रह्मदेश, सिलोन, सिंगापूर, जावा-सुमात्रा फिरला, मग हिंदुस्थानभर. पुढे १९१४ मध्ये अर्देशीर इराणींच्या भागीदारीत मुंबईचं अलेक्झांड्रा थिएटर घेतलं, नंतर मॅजेस्टिक. त्याच मॅजेस्टिकमध्ये १४ मार्च १९३१ ला 'आलम आरा' लागला. गावोगावच्या तंबूत त्यांना जी चिंता असेल, तीच चाचांच्या पोटमाळ्यावर होती: मागच्या माणसाला दिसेल ना?

आमच्या बाबतीत अजून एक अडचण उरली. दादाजींचा चेहरा रिळात जेमतेम चार सेकंद आहे. उजेड वाढला तरी फुफीची नजर त्यावर ठरेपर्यंत तो निघून जाणार. चित्र थांबवायचा खटका यंत्रात होता, पण तो दाबला की फिल्म वाचवण्यासाठी दिव्यापुढे धातूची जाळी येते आणि चित्र पुन्हा अंधारतं. चाचांनी डोकं खाजवलं. "इसके लिए एलईडी लगेगा."

त्यासाठी दुसऱ्या आठवड्यात पुन्हा फेरी. लॅमिंग्टन रोडवरून मी मोठा शंभर वॅटचा एलईडी घेऊन गेलो होतो, पोस्टाच्या तिकिटाएवढा. तो चाचांनी लावून दाखवला. चित्र आधीपेक्षा फिकं! सुपर ८ चं चित्र सहा मिलिमीटरही रुंद नसतं. एवढ्या छोट्या खिडकीतून आणि भिंगातून एका छोट्या ठिपक्याचाच उजेड पार होतो, बाकीचा आतल्या आत तापतो. वर त्या निळसर उजेडात माणसं आजारी दिसत होती, आणि स्वस्त सर्किटमुळे आडवे पट्टे धावत होते. शेवटी छोट्या ठिपक्याचा, पिवळसर आणि रंग खरे दाखवणारा एलईडी, त्याला न लुकलुकणारा स्थिर विद्युतप्रवाह, मागे अॅल्युमिनियमचा पंखांचा ठोकळा आणि जुना पंखा तसाच चालू. एलईडीच्या उजेडात धग फार कमी, म्हणून जाळी काढता आली. तरी चाचांनी बजावलं, "पंधरा-वीस सेकंद. ज़्यादा लालच नहीं." जुना दिवा आणि होल्डर त्यांनी डब्यात बांधून दिला, मूळ वस्तू हरवू नये म्हणून.

साकीनाक्यापासून घाटकोपर तिसरं स्थानक. वाटेत असल्फ्याची टेकडी लागते. तिच्यावरची घरं काही वर्षांपूर्वी रंगवली गेली, तेव्हापासून मेट्रोतले लोक फोन वर काढतात. मीही दरवेळी बघतो. त्या दिवशी मात्र पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलो होतो.

मगरिबनंतर फुफीच्या खोलीचे पडदे ओढले. या वेळी चार फुटांची चादर नाही. पांढरा गुळगुळीत पुठ्ठा, दोन फूट रुंद. चित्राची रुंदी निम्मी केली की तोच उजेड चौपट दाट पडतो, आणि खुर्ची निम्म्या अंतरावर ओढली की डोळ्यांना चित्र तेवढंच मोठं वाटतं. यासाठी साकीनाक्याला जायचीही गरज नव्हती, हे मला फार उशिरा कळलं.

यंत्र खडखडू लागलं. गोदी, ट्रंका, रडणाऱ्या बायका, पांढरं जहाज. मग कठडा. मी खटका दाबला. ताडपत्रीखालच्या काळोखातून दादाजींचा चेहरा वर आला. दाढी, गालावरचा खड्डा, अर्धवट मिटलेले डोळे. फुफी पुठ्ठ्यापासून हातभरावर होती. मान जरा तिरकी करून, डोळ्याच्या कडेने बघत होती. मधलं दिसत नाही म्हणून ती तसंच बघते.

"टोपी," ती म्हणाली.

दादाजींच्या डोक्यावर विणलेली पांढरी टोपी होती. कडेला हिरवी पट्टी, अर्धी गडद, अर्धी फिकी.

"दोरा संपला होता. दुसरा आणला तो त्याच रंगाचा मिळाला नाही. भाईच्या हाती पाठवली होती मी. पोचली की नाही, घातली की नाही, विचारायचं राहूनच गेलं." मग तिने माझ्याकडे वळून विचारलं, "वीस सेकंद झाले ना? चालव आता. जळेल."

वाचकहो, तुमच्याही कपाटात, ट्रंकेत अशी रिळं असतील. डबा उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर फिल्म कुजू लागली आहे. ती बाकीच्यांपासून वेगळी ठेवा आणि चांगल्या माणसाकडून लवकर प्रत काढून घ्या. जुन्या प्रोजेक्टरवर ती थेट चढवू नका. आधी एखादी निकामी फिल्म चालवून यंत्र तपासा. डबे कोरड्या, थंड जागी ठेवा. मुंबईतच २०१४ पासून फिल्म हेरिटेज फाउंडेशन ही संस्था फिल्म जपण्याचं काम करते आहे. आणि घरात ज्यांना ते चेहरे ओळखता येतात, त्यांना आधी दाखवा. फिल्म अजून काही वर्षं टिकेल.

फुफीने त्या संध्याकाळी रीळ तीन वेळा बघितलं. तिसऱ्या वेळी तिने नातीला हाक मारली आणि क्रोशाची सुई कुठे ठेवली आहे ते विचारलं.