थापटणे

ज्याची तीस वर्षे प्रथम तलाठी म्हणून गावच्या चावडीवर आणि पुढे अव्वल कारकून म्हणून मामलेदार कचेरीत दप्तर सांभाळण्यात गेली, त्याला निवृत्तीनंतर आत्मशोधनाची ओढ लागली, तरी ती ओढसुद्धा प्रथम एका कोऱ्या वहीच्या रूपानेच घरात शिरते, हे मी स्वानुभवाने सांगतो. गेल्या आषाढी एकादशीच्या पहाटे मी अशी एक वही घातली. दिवसभरात मनात उठलेल्या वासना डाव्या बाजूस नोंदवाव्यात, त्यांपैकी ज्यांचा निग्रह झाला त्या उजव्या बाजूस मांडाव्यात आणि निजण्यापूर्वी दोहोंची रुजवात घालावी, असा शिरस्ता ठरविला. पहिली नोंद चहाची झाली. पन्नास वर्षांची ती सवय त्या दिवशी मी सोडली. प्रारंभीचे आठ दिवस डोके दुखे, आणि दुपारी स्वयंपाकघरातून उकळत्या आल्याचा वास आला की पोथीतील एकच ओळ तीनतीनदा वाचावी लागे. पण पुढे ती ओढ मंदावली आणि वहीची उजवी बाजू भरत चालली.

श्रावणात कचेरीतील एक जुने सहकारी भेटीस आले. माझा नेम ठाऊक असल्यामुळे पत्नीने एकच कप बाहेर आणला, आणि पाहुण्यांनी काही विचारण्याच्या आत मीच म्हणालो, “मी सोडला. एकादशीपासून थेंब नाही.” त्यांच्या मुद्रेवर आदर उमटला, तो मी पाहिला, आणि खरे सांगायचे तर, त्या क्षणी माझ्या जिभेवर जी गोडी उतरली ती पन्नास वर्षांच्या चहाने कधी दिली नव्हती. पाहुणे गेल्यावर कपबशी उचलता उचलता पत्नी एवढेच म्हणाली, “अहो, चहा सुटला तुमचा, सांगायचं तेवढं सुटायचं राहिलं.”

मला राग आला. शब्द सौम्य होते, त्यांत उपहासाचा लवलेश नव्हता, तरी छातीत काहीतरी एकदम तापले आणि संध्याकाळची माला हातात घेतली तरी निवले नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अधःपाताची जी परंपरा सांगितली आहे, विषयाचे चिंतन, त्यातून संग, संगातून काम आणि कामातून क्रोध, ती मला मुखोद्गत होती. पण क्रोध हाती लागला असता उलट पावलांनी कामापर्यंत जावे, हे मला त्या रात्री प्रथम सुचले. ज्या अर्थी क्रोध आला त्या अर्थी कोणतीतरी इच्छा अडली असली पाहिजे. चहाची इच्छा तर केव्हाच निवाली होती. मग अडली होती ती कोणती? त्यागी म्हणून गणले जावे ही. क्रोध ही त्या इच्छेची पावती होती, आणि माझ्या वहीत त्या इच्छेचे नावही नव्हते.

निराहार माणसापासून विषय दूर होतात, पण त्यांचा रस मागे राहतो, हा विचार त्याच अध्यायात आहे, आणि त्यावर भाष्य करताना ज्ञानेश्वरांनी १२९० साली जो दृष्टांत योजिला तो कोणत्याही शेतकऱ्याला पटावा असा आहे: झाडाची पालवी वरवर खुडीत राहायचे आणि मुळाशी मात्र पाणी घालायचे, तर त्या झाडाचा नाश कसा व्हावा? हा दृष्टांत मी अनेकदा वाचला होता. परंतु खुडलेल्या पानांची मोजदाद ठेवणारी वही हीच पाण्याची घागर ठरते, हे मला तो वाचताना कधी दिसले नव्हते.

महसूल खात्यातील माणसाला हा प्रकार खरे म्हणजे लवकर उमगायला हवा होता. सातबाराच्या उताऱ्यात दोन नमुने असतात: गाव नमुना सातवर जमीन कोणाच्या कब्जात आहे ते लिहितात आणि नमुना बारावर तीत कोणते पीक आहे ते. खरिपात ज्वारी गेली, रब्बीत हरभरा आला, एखाद्या वर्षी रान पडीक राहिले, तरी या साऱ्या नोंदी बारावर होतात. सातवरील कब्जेदाराचे नाव तसेच राहते. माझी वही ही निव्वळ पीकपाहणी होती. भोगाचे पीक निघून त्यागाचे आले, वासनेच्या जागी व्रत उगवले, पण त्या साऱ्यावर कब्जा सांगणारा ‘मी’ तोच होता, आणि पीक सकस निघाल्यामुळे त्याची मालकी उलट अधिक भक्कम झाली होती.

१८९६ साली मदुराई येथे मृत्यूच्या भयाने व्याकूळ झालेला एक सोळा वर्षांचा मुलगा प्रेतवत् निजून राहिला आणि देह मेला तर ‘मी’ म्हणून उरतो तो कोण, याचा त्याने छडा लावला. पुढे रमण महर्षी म्हणून विख्यात झालेल्या त्या पुरुषाने साधकांना हेच सांगितले की, विचार उठला की त्याच्यामागे न धावता तो कोणाला उठला ते पाहावे. हे नमुना बारा मिटून नमुना सात उघडणे होय. मी तसे करून पाहिले. काही क्षण चित्त शांत होते, आणि लगेच आतून समाधानाचा एक हुंकार येतो की, आता माझी दृष्टी मुळाशी पोहोचली. फेरफाराची नोंद घालणाराही तोच, आणि तिच्यावर सही करणाराही तोच!

अशा वेळी मला तेरच्या गोरोबाकाकांची कथा आठवते. संतमेळा त्यांच्या घरी जमला असता मुक्ताबाईच्या सांगण्यावरून त्यांनी मडकी पारखण्याचे थापटणे उचलले आणि एकेकाच्या मस्तकावर मारून पाहिले. बाकीचे स्वस्थ राहिले. नामदेव तेवढे रुष्ट झाले, आणि हे मडके कच्चे आहे असा निवाडा गोरोबांनी दिला. ज्याच्याशी पांडुरंग बोलतो अशी ख्याती, त्याच्या वाट्याला हा निवाडा यावा! मला या कथेत दिसते ते असे की, मार सर्वांना सारखाच बसला. कच्चेपणा कळला तो त्यावर उठलेल्या नादावरून. आणि दुसरे असे की, मडके कितीही शहाणे असले तरी ते स्वतःला वाजवून पाहू शकत नाही. त्याला दुसऱ्याचा हात लागतो. नामदेवांचा मोठेपणा असा की, रोष ओसरल्यावर ते विसोबा खेचरांना शरण गेले.

ती वही मी आता उघडत नाही. रात्री दिवा मालवल्यावर, दिवसभरात कोणाच्या कोणत्या शब्दाने आपल्याला लागले, एवढेच आठवतो. जिथे लागले तिथे थापटणे पडले असे समजून कान देतो. बहुधा नाद बद्दच येतो. परवा पत्नीने चहा टाकताना सहज विचारले, “तुम्हाला टाकू का घोटभर?” मी हो म्हणालो, आणि ‘नेम मोडला’ ही खंत व ‘अहंकार मोडला’ हा आनंद, दोन्ही एकाच वेळी कप धरायला पुढे सरसावले. दोघांनाही मी ओळखले, इतकेच. मडके अजून कच्चे आहे. पण आवा पेटता आहे, आणि थापटणे घरातच आहे.