मुलाणी, तांबोळी, ख्रिस्ती : कृष्णाकाठच्या दप्तरांतला धर्म

कृष्णाखोऱ्याच्या इतिहासावरील या धाग्यात आजवर किल्ले, लढाया आणि प्रतिसरकार यांविषयी बरेच लिहून झाले. त्यावर तुमच्यापैकी अनेकांनी एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला : आपल्या भागात इस्लाम आणि ख्रिस्ती धर्म आले ते तलवारीने की पैशाने? प्रश्नातच उत्तराचे दोन पर्याय ठरवून दिले, की इतिहासाच्या विद्यार्थ्याची पंचाईत होते. म्हणून आज थोडे सविस्तर लिहिते, आणि थोडे स्वतःविषयीही.

मी कुंडलची. गावाची ओळख सांगताना आम्ही पार्श्वनाथाचे डोंगर सांगतो, क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड आणि त्यांची तुफान सेना सांगतो, कुस्तीचे मैदान सांगतो. या यादीत गावचे मुसलमान येत नाहीत, आणि जिल्ह्याच्या यादीत ख्रिस्ती येत नाहीत. जणू हे लोक कालपरवा येऊन राहिले असावेत.

एम.ए. करताना मी मोडी शिकले. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्याला एकाएकी भाव आला. गाव नमुना १४, म्हणजे ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो त्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीच्या नकला घेऊन लोक घरी येऊ लागले. बहुतेक मराठा कुटुंबे असत. एके दिवशी मात्र एक मुलाणी काका आले. मुलीच्या प्रवेशासाठी त्यांना इतर मागासवर्गाचा दाखला हवा होता आणि त्याकरिता १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा. शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान'. कोतवाल बुकात त्यांच्या पणजोबांच्या नावापुढे मोडीत स्वच्छ लिहिले होते : 'मुलाणा'. काका म्हणाले, "पोरी, जन्मभर लोक नुस्तं मुसलमान म्हणत आले. आता मुलाणी हाय हे सरकारला दावायचंय."

या एका शब्दात आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. मुलाणा हा गावगाड्याचा माणूस. कुठे त्याची गणना बलुत्यांत, कुठे अलुत्यांत. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गाव-गाडा' या ग्रंथातही तो भेटतो. मशिदीची दिवाबत्ती करणे हे त्याचे एक काम. दुसरे काम अधिक लक्षणीय : गावातल्या मराठ्यांच्या घरी, देवीच्या वा म्हसोबाच्या जत्रेत बकरे कापायचे ते मुलाण्याने. त्याच्या सुरीखालून न गेलेले मटण खायला पुष्कळ हिंदू घरे तयार नसत. म्हणजे देवी हिंदूंची, नवस कुणब्याचा, आणि कापताना तोंडी घेतलेले नाव अल्लाचे. मोबदला खळ्यावरच्या धान्यात. हे ऐक्याचे गोड चित्र समजू नका. बलुतेदार हा पाटलाच्या आणि कुणब्याच्या मर्जीवर जगणारा माणूस होता. पण तो गावाच्या आत होता, गावाच्या हिशेबात होता. अत्तार, तांबोळी, बागवान, पिंजारी, शिकलगार ही आडनावे पाहा. सगळे धंदे आहेत.

तलवार आलीच नाही, असे मी म्हणत नाही. बहमनी आणि मग आदिलशाही सत्ता या खोऱ्यावर दीर्घकाळ होती. कराडच्या मशिदीचे उंच मनोरे तिची साक्ष देतात. १७०० साली औरंगजेबाने साताऱ्याचा किल्ला घेतला आणि त्याचे नाव आझमतारा ठेवले. किल्ला काही वर्षांत मराठ्यांकडे परत आला आणि ते नाव गेले. सत्तेने दिलेला धर्म त्या नावासारखाच वरवरचा राहिला असता. टिकला तो व्यवसायांतून आणि दर्ग्यांतून आलेला.

मिरजेला ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरसाच्या वेळी पहिला गलेफ अर्पण करण्याचा मान चर्मकार समाजाचा आहे. ज्या काळी या समाजाला देवळाच्या पायरीशीही उभे राहू देत नसत, त्या काळापासून आलेला हा मान आहे, हे लक्षात घ्या. त्याच दर्ग्याच्या आवारात किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे (मृत्यू १९३७). कुंडलच्या उत्तरेस कडेगावला मोहरमचे ताबूत शंभर फुटांहून उंच उभारतात आणि त्यांतले काही पाटील, देशपांडे अशा हिंदू घराण्यांच्या मानाचे असतात. दोन्हीकडे शब्द एकच आहे : मान. कोणाचा श्रद्धाविषय काय यापेक्षा कोणाचा हक्क कोणता, ही आपल्या गावांची भाषा होती.

ख्रिस्ती धर्म या भाषेत बोलत आला नाही. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये भारतात आले, आणि १८९४ मध्ये मिरजेत त्यांचे रुग्णालय उभे राहिले. तीन वर्षांनी वैद्यकीय शाळाही निघाली. मिरज पटवर्धनांचे संस्थान, कुंडल औंधच्या पंतप्रतिनिधींचे. ब्राह्मण संस्थानिकाच्या अनुमतीविना मिशनला वीटही रचता आली नसती, एवढे ध्यानात घेतले की 'इंग्रजांनी धर्म लादला' हे वाक्य आमच्या भागापुरते तरी लंगडे पडते. सांगली-मिरज रस्त्यावरची वानलेसवाडी तुम्ही पाहिली असेल. परक्या डॉक्टराच्या नावाला लोकांनी आपली 'वाडी' जोडून टाकली.

वरच्या जातींतून ख्रिस्ती झालेले थोडे, पण त्यांच्याविषयी लिहिले गेले फार. कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' स्थापन केला आणि १९१९ मध्ये वारले. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'मुळे ते घर आपल्याला आपलेसे वाटते. मात्र मिशनच्या शाळांत आणि वसतिगृहांत आलेली बहुसंख्य मुले महार आणि मांग वस्त्यांतली होती. त्यांच्यासाठी बाप्तिस्मा म्हणजे वेसकराचे काम, मेलेली ढोरे ओढणे आणि दारात मागून आणलेली भाकरी यांच्यापासून दूर जाण्याची एक वाट. मुलाणा गावगाड्यात शिरून मुसलमान राहिला. महार ख्रिस्ती झाला तो गावगाड्यातून बाहेर पडण्यासाठी. माझ्या मते दोन्ही धर्मांच्या इथल्या इतिहासातला खरा भेद हा आहे. 'तलवार की पैसा' या प्रश्नात तो कुठेच बसत नाही.

साधनेही त्यामुळे निराळी. इस्लामविषयी शोधायचे तर इनामांचे कागद, उरसाच्या खर्चाच्या याद्या, बलुत्यांचे तंटे वाचावे लागतात. ख्रिस्ती धर्माविषयी मिशनचे वार्षिक अहवाल हाती येतात, ते अमेरिकेतल्या देणगीदारांसाठी लिहिलेले. एका साधनात माणूस हक्क सांगताना दिसतो, दुसऱ्यात आकडा म्हणून. दोन्ही वाचताना, हे कोणासाठी लिहिले होते, हा प्रश्न आधी विचारा.

हे सारे जुने झाले, असे वाटत असेल तर मिरजेची २००९ सालची दंगल आठवा. गणेशोत्सवातील कमानीवरच्या अफजलखानवधाच्या चित्रावरून ती पेटली होती. आपल्या उरण-इस्लामपूरचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय शासनाने २०२५ मध्ये घेतला. त्याच गावात शंभुआप्पा या हिंदू शिष्याचा आणि बुवाफन या मुसलमान गुरूचा उरूस एकत्र भरतो. नाव बदलल्यावर उरुसाच्या पत्रिकेवर काय छापतील, याची मला कमालीची उत्सुकता आहे.

आणि कागद तर आजही माणसांचे भवितव्य ठरवतात. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती आणि मुसलमान दलितांना तो अद्याप नाही. जुन्या धंद्याचे नाव सापडले तर मुलाण्याचा फायदा होतो. ख्रिस्ती कुटुंबाला मात्र पणजोबाने ज्या शब्दासाठी गाव सोडले, तोच शब्द नडतो.

गेल्या उन्हाळ्यात मिरजेकडचा एक मुलगा असाच नकला घेऊन आला. वय माझ्याएवढेच. एका भावाच्या नोंदीत जात 'महार', काही वर्षांनंतरच्या दुसऱ्या भावाच्या नोंदीत 'ख्रिस्ती'. बाप एक, वस्ती एक, अक्षरही बहुधा एकाच कुलकर्ण्याचे. मी दोन्ही ओळींचे लिप्यंतर एकाच कागदावर लिहून दिले. त्याने ते दोनदा वाचले, मधोमध नीट घडी घातली आणि पाकिटात ठेवले. जाताना त्याने विचारले, धाकट्या भावाचे नाव पुन्हा एकदा वाचून दाखवाल का. घरात ते कोणालाच ठाऊक नव्हते.