अख्खा लॉट

रेंजहिल्सच्या क्वार्टर्समध्ये आमच्या दोन खोल्या होत्या. बाबा अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत तपासणीला होते. ही फॅक्टरी १८६९ पासूनची. खडकीत तिचं पुरं नाव कुणी घेत नाही, नुसतं ‘फॅक्टरी’ म्हटलं की पुरतं. आत काय बनतं, किती बनतं, हे बाबांनी घरात कधी सांगितलं नाही. पण तपासायचं कसं, हे मात्र ते फार मनापासून सांगत. गेजच्या एका तोंडात काडतूस गेलंच पाहिजे, दुसऱ्या तोंडात जाता कामा नये. मालाचे तीन ढीग: पास, रिजेक्ट आणि रिवर्क. लॉटमधून नमुने काढायचे, आणि त्यात गंभीर दोषाचं एक जरी निघालं तरी अख्खा लॉट थांबवायचा. “बाकीची चांगली असतील की,” मी लहानपणी म्हणायचो. “असतील. पण कुठली, हे वापरणाऱ्याला कसं कळणार?” हे त्यांचं उत्तर ठरलेलं.

२०११ मध्ये थ्रीडीचा कोर्स संपवून मी स्वतःची वेबसाइट केली. काळं पान, मधोमध फिरणारी तलवार, पार्श्वसंगीत आणि ‘प्रवेश करा’ असं बटण. आत चौतीस कामं होती: पात्रं, बंदुका, किल्ला, दोन लोगो, कॉलेजातली पेन्सिलची स्केचेस, आणि एक होळकर पूल. दोन वर्षांत हातून झालेलं सगळं मी तिथे लावलं होतं, कारण प्रत्येकामागे जागलेल्या रात्री मला आठवत होत्या. मी ती चौदा गेम स्टुडिओंना पाठवली. उत्तर एकाचंही आलं नाही.

बाबांनी एका रविवारी सगळी चौतीस पाहिली, न बोलता. मग विचारलं, “यातलं तुला स्वतःला नापास वाटतं असं कुठलं?” मी न अडखळता नऊ दाखवली. “मग ती गेटबाहेर कशी गेली?”

आज मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतो. एका जागेसाठी शेकड्यानं पोर्टफोलिओ येतात, आणि ते मी दोन कामांच्या मधल्या फटीत उघडतो. पहिल्या पडद्यावर नजर थांबली तरच बोट खाली सरकतं. माझी नजर सर्वांत आधी सर्वांत कच्च्या कामावर जाते. यात दुष्टपणा नाही. उत्तम काम एखाद वेळी चांगल्या ट्युटोरियलच्या आधारानंही जमून जातं. पण कच्चं काम लावून ठेवणाऱ्याला ते कच्चं आहे हे दिसलेलंच नसतं. खेळात खेळणारा भिंतीला नाक लावून उभा राहू शकतो. टेक्स्चरचा जोड उघडा पडलेला ज्याला स्वतःला दिसत नाही, त्याची प्रत्येक फाइल दुसऱ्या कुणाला तरी रोज तपासावी लागते. तो खर्च मी त्या एका चित्रात वाचतो.

बाबांच्या त्या प्रश्नानंतर माझी चौतीसची आठ झाली. उरलेल्यांत रिजेक्ट बरीच होती. पूल रिवर्कच्या ढिगात गेला. होळकर पूल मी लहानपणापासून पाहत आलो होतो, आणि तरीही मॉडेल करताना मी दगड इंटरनेटवरून उतरवलेल्या कुठल्यातरी युरोपीय भिंतीचा लावला होता. मग तीन रविवार मुळेच्या काठी फोटो काढत हिंडलो. पावसाळ्यातलं पाणी ओसरल्यावर दगडावर गाळाची रेघ राहते, ती सगळ्या खांबांवर साधारण एका उंचीवर असते. त्या रेघेखाली दगडाचा रंग वेगळा, पोत वेगळा. जलपर्णी वाहून येते ती खांबाच्या एकाच अंगाला अडकते. हे एकदा कळल्यावर पुलाला नदी मिळाली. मी एक कमान आणि एक खांब नीट घडवला, बाकीचा पूल त्याच तुकड्यांची जुळणी. दगडाचं एकच टेक्स्चर, २०४८ पिक्सेल चौरस, आणि पुनरावृत्ती झाकायला वरून शेवाळ व गाळाचा थर. पानावर आधी तीन चित्रं लावली, खेळणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवरून. त्याखाली वायरफ्रेम, त्रिकोणांची संख्या, टेक्स्चरची पानं आणि दोन ओळी: संदर्भ कुठला, काय मी केलं, काय तयार घेतलं. पुढे मुलाखतीत पाऊण तास त्याच पुलावर बोलणं झालं.

तयार काय घेतलं, हे लिहायला मुलं घाबरतात. उलट तिथेच भरवसा बसतो. दुसऱ्याच्या रेखाचित्रावरून मॉडेल केलं असेल तर त्याचं नाव द्यावं. पाच जणांनी मिळून केलेल्या दृश्यात आपला फक्त दरवाजा असेल तर ‘दरवाजा माझा’ असंच लिहावं. आणि प्रसिद्ध न झालेल्या खेळातलं काम परवानगीशिवाय दाखवणाऱ्याला मी बोलावत नाही, चित्र कितीही देखणं असो. फॅक्टरीतल्या माणसाच्या घरात वाढलो. आतली गोष्ट बाहेर न बोलणं हा कामाचाच भाग असतो.

ती फिरणारी तलवार फ्लॅशमध्ये केलेली होती. आयफोनवर फ्लॅश कधी चाललंच नाही, म्हणजे ज्यानं फोनवर माझं पान उघडलं त्याला नुसता काळा चौकोन दिसला असणार. २०२० च्या अखेरीस अडोबीनं फ्लॅश बंदच केलं. बघणारा आणि चित्र यांच्यामध्ये आपण जे जे उभं करतो, ते चित्राच्या आधी म्हातारं होतं. म्हणून आता माझ्या साइटला दार नाही. पान उघडलं की चित्रंच; वरून खाली सरकत जायचं. नाव, ‘एन्व्हायर्न्मेंट आर्टिस्ट’ हे दोन शब्द आणि ईमेल प्रत्येक पानावर, कारण लोक एकमेकांना आतल्याच एखाद्या पानाची लिंक पाठवतात. चित्राची रुंदी १९२० पिक्सेल, वजन शक्यतो चारशे केबीच्या आत. नवं काही लावलं की मी खडकी स्टेशनवरून लोणावळा लोकल पकडतो आणि चालत्या गाडीत, फोनच्या डेटावर, ते उघडून बघतो. दापोडी यायच्या आत पहिलं चित्र दिसलं नाही तर घरी येऊन ते हलकं करतो.

२०१४ पासून आर्टस्टेशन ही कलाकारांच्या पोर्टफोलिओंची साइट आहे, बहुतेक भरती तिथे बघूनच होते, आणि तिथे असावंच. पण २०२१ मध्ये ते एपिक गेम्सनं विकत घेतलं, २०२२ च्या डिसेंबरात यंत्रनिर्मित चित्रांविरुद्ध कलाकारांनी तिथेच निषेधाच्या पाट्या लावल्या. घर भाड्याचं असल्याची जाणीव तेव्हा पुष्कळांना झाली. आपल्या नावाचं एक लहान पान असू द्यावं. आणि त्या डिसेंबरपासून वायरफ्रेम, कच्चे टप्पे, फसलेला पहिला प्रयत्न यांची किंमत माझ्या लेखी वाढली आहे. हात कुठून कुठे गेला, हे त्यांतच दिसतं.

२०२० मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ आला. पहाडी चित्रशैलीची रंगसंगती आणि कथेच्या भागांत छायाबाहुल्या. जगभरच्या लोकांनी तो खेळला. तरी माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या आठ पोर्टफोलिओंत तोच बर्फातला किल्ला आणि तीच अंतराळातली बंदूक असते. कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आणि चामड्याच्या बाहुल्या आहेत, परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ चा पद्मश्री जाहीर झाला. तिथला कथेकरी एक चित्र समोर धरतो, ते पुरतं बघू देतो, मग पुढचं. क्रम त्याच्या हातात असतो. पोर्टफोलिओचा क्रम लावताना मला ते हात आठवतात.

गेल्या महिन्यात खडकी बाजारातली एक मुलगी लॅपटॉप घेऊन आली. बावीस कामं होती. सर्वांत शेवटी तिच्या वडिलांच्या रिक्षाचा जुना यांत्रिक मीटर: पत्र्यावरचा गंज, झिजलेला दांडा, काचेवर बोटांचे तेलकट ठसे. “हा शेवटी का?” “घरातलाच आहे ना सर, म्हणून.” तो आम्ही पहिला घेतला. मग मी बाबांचा प्रश्न विचारला आणि तिनं तेरा काढली, माझ्या अपेक्षेपेक्षा चार जास्त. पोळ्याच्या बैलापाशी मात्र तिचा हात थांबला. मागच्या पायांचं वजन चुकलंय, ती म्हणाली, खूर जमिनीला टेकल्यासारखे वाटत नाहीत; खरा बैल बघायला मामाच्या गावी जायला हवं. मी काही बोललो नाही. तिनं नवा फोल्डर उघडला, त्याला ‘रिवर्क’ नाव दिलं आणि बैल त्यात ठेवला.